जुनें गांव आणि पाहणाऱ्याचें ऋण

ज्या सुखांची किंमत कोणासही द्यावी लागत नाहीं अशी आपली समजूत असते, त्यांत जुन्या गांवांतून पायीं हिंडण्याचें सुख पुष्कळ वरच्या जागीं बसेल. मद्याप्रमाणें तें प्रकृतीस अपाय करीत नाहीं, जुगाराप्रमाणें घर बुडवीत नाहीं, आणि परनिंदेप्रमाणें शेजाऱ्याचें मन दुखवीत नाहीं. पाय, डोळे आणि थोडी फुरसत एवढें भांडवल त्यास पुरतें. त्यांतून ऋतु शरदाचा असला, दिवस पावसाचा असला आणि गांवास कांहीं शतकांचा इतिहास असला, म्हणजे या सुखास काव्याची जोड मिळते. अशा फेरीहून परतलेला गृहस्थ स्वतःस थोडा अधिक सुसंस्कृत समजूं लागतो, आणि त्याचें तें समजणें सर्वस्वीं निराधार असतें असेंही नाहीं. परंतु या निरुपद्रवी दिसणाऱ्या सुखाच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जें आपणांस सुंदर दिसतें, तें ज्यांच्या कष्टांतून, पराभवांतून किंवा दैन्यांतून सुंदर झालें, त्यांचें पाहणाऱ्यावर कांहीं ऋण असतें काय? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि विचार नुसता हवेंत करण्यापेक्षां एखाद्या गांवाच्या आधारानें करावा, म्हणून जव्हार आणि त्याच्या लगतचा शिरपामाळ हीं स्थळें आम्हीं निवडलीं आहेत.

जव्हार हें आजच्या पालघर जिल्ह्यांतील, सह्याद्रीच्या पश्चिम अंगास सुमारें १,५०० फूट उंचीवर वसलेलें गांव. महादेव कोळी समाजांतील मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी होती. १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत सुमारें ३१० चौरस मैलांच्या मुलखाचा कारभार येथून चाले. गांवांत जुना राजवाडा आहे, गांवाबाहेर टेकडीवर झाडींत जयविलास हा नवा राजवाडा आहे, आणि थोड्या अंतरावर शिरपामाळ नांवाची उघडी, भरपूर वाऱ्याची जागा आहे. आश्विनांत पावसानें येथून निघून जावें अशी अपेक्षा असते; पण जातां जातां तो मागें वळतो आणि दोनचार दिवस ठाण मांडून बसतो. अशाच एका दिवशीं आम्ही या गांवांतून हिंडलों. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, काळ्या दगडांच्या जोत्यांवर शेवाळ चढलें होतें, आणि दरी धुक्यानें कांठोकांठ भरली होती. पावसाचा एक गुण असा कीं तो अलीकडचें पुसट करतो आणि जुनें पुढें आणतो. दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारा, मोटारींचा गलबला हें सर्व धुक्यांत मागें सरतें, आणि भिंत, वळण, पायरी, जुना वृक्ष एवढेंच उरतें. गांव जणूं आपल्या वर्तमानांतून सुटून केवळ पाहण्याची वस्तु होतें.

आणि येथेंच खरी अडचण सुरू होते. बाजारांत एका दुकानाच्या पडवींत आडोशास उभे असतां शेजारीं एक वृद्ध शेतकरी डोक्यावर खोळ घेऊन त्याच पावसाकडे पाहत होता. आम्हीं पावसाची स्तुति केली. त्यानें इतकेंच सांगितलें कीं, नागली कापून शेतांत आडवी पडली आहे, आणि आणखी दोन दिवस हा असाच राहिला तर कणसांस मोड येतील. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. विचारल्यास वेळ सांगावी तसें त्यानें तें सांगितलें. परंतु त्या एका वाक्यानें आमच्या डोळ्यांपुढील चित्राची दुसरी बाजू उघडी झाली. या डोंगरांत नागली, वरई, उडीद आणि सखल जागीं भात हींच पिकें. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, काथोडी या लोकांपैकीं पुष्कळांचें वर्षाचें अन्न या पंधरवड्यांत शेतांत उघड्यावर असतें. कणसरी या धान्यदेवतेस ते भजतात. नवें धान्य देवास दाखविल्यावांचून तोंडांत घालीत नाहींत. नवें पीक हातीं आलें म्हणजे तारपा वाजूं लागतो. पीक पुरेसें आलें नाहीं म्हणजे काय होतें, तेंही या मुलखास ठाऊक आहे. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर मजुरीस उतरतात. आणि याच जव्हार तालुक्यांत वावर-वांगणीच्या परिसरांत १९९२ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सबंध महाराष्ट्राची मान खालीं गेली. रसिकाच्या आणि शेतकऱ्याच्या दृष्टींत हा जो भेद, तो केवळ रुचीचा भेद नव्हे. एकास पावसांतून कांहीं गमवावयाचें नसतें, म्हणून त्यास तो सुंदर दिसूं शकतो; दुसऱ्यास तेवढी मोकळीक नसते.

हा वर्तमानाचा विचार झाला. आतां इतिहासाकडे वळूं. कारण जुन्या गांवांत हिंडणारा मनुष्य मुख्यतः इतिहासासाठींच आलेला असतो, आणि वर्तमानापासून आपण तेथें सुरक्षित आहों अशी त्याची भावना असते.

शिरपामाळ हें नांवच एक इतिहास सांगतें. १६६४ सालच्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली. त्या स्वारीस जातांना त्यांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनीं त्यांचें स्वागत केलें आणि सन्मानार्थ शिरपेच अर्पण केला. त्यावरून हा शिरपामाळ, अशी परंपरा आहे. माळावर महाराजांचें स्मारक आहे, आणि तेथें उभें राहिल्यावर कोणाही महाराष्ट्रीयाचें मन भरून येईल यांत नवल नाहीं. दोन राजे, डोंगरांतील एक माळ, आणि मोठ्या कामगिरीपूर्वीं मस्तकीं चढलेला तुरा! स्मृतीनें जपून ठेवावें असेंच हें चित्र आहे.

पण हकीकत येथें संपत नाहीं. त्यानंतर आठ वर्षांनीं, १६७२ च्या जूनमध्यें, मोरोपंत पिंगळे मोठें सैन्य घेऊन आले आणि त्यांनीं जव्हार जिंकून घेतलें. सुमारें १७ लाखांचा खजिना त्यांच्या हातीं लागल्याचें इतिहासकार नमूद करतात. ज्याच्याकडून जव्हार घेतलें तो राजा विक्रमशाहच. यामागें राजकारणाची निकड होती, हें उघड आहे. उत्तर कोकणांतून सुरतेकडे जाणारा मार्ग स्वराज्याच्या ताब्यांत असणें मोगलांशीं चाललेल्या झुंजींत अगत्याचें होतें, आणि जव्हारपाठोपाठ रामनगरही त्याच हेतूनें घेण्यांत आलें. त्या काळच्या राज्यनीतीच्या मापानें यांत कांहीं विपरीत नव्हतें, आणि या घटनेनें महाराजांच्या थोरवीस उणेपणा येतो असें मानण्याचेंही कारण नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या माळानें शिरपेचाचें नांव धारण केलें, त्यानें १६७२ चें कांहींच धारण केलें नाहीं. जाणारायेणारा पहिली गोष्ट ऐकतो आणि तृप्त होऊन परततो. देणगी नांवांत राहिली. हानि ग्रंथांत गेली. स्थळाची स्मृति आणि स्थळाचा इतिहास या दोन वस्तु एक नव्हेत, हें येथें स्पष्ट दिसतें. स्मृति निवड करते. आणि ती बहुधा अशीच निवड करते कीं जीमुळें आलेल्या पाहुण्याचा व घरच्या यजमानाचा, दोघांचाही मान राहील.

याहून मागें गेलें तर आणखी एक कथा भेटते. हा मुलूख पूर्वीं एका वारली नायकाच्या ताब्यांत होता. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा यानें त्याच्याकडे बैलाच्या कातड्याखालीं मावेल एवढीच जमीन मागितली. नायकानें मान्य करतांच जयबानें कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकीस एक जोडल्या, आणि नायकाचें ठाणेंच वेढून घेतलें. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत ही कथा नमूद आहे. पश्चिमेकडील वाचकांस ती ओळखीची वाटेल; कार्थेज नगराच्या स्थापनेविषयीं राणी डायडोची हीच कथा सांगतात, आणि तेथील गडाच्या ‘बिर्सा’ या नांवाचा संबंध कातडें या अर्थाच्या ग्रीक शब्दाशीं जोडतात. तेव्हां ही प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नसून देशोदेशीं फिरणारी लोककथा आहे, असें मानावयास हरकत नाहीं. परंतु लोक आपल्या आरंभाविषयीं कोणती कथा पसंत करतात, हेंही कांहीं थोडें सांगत नाहीं. जमीन युक्तीनें मिळाली, हें येथें लपविलेलें नाहीं. उलट चातुर्य म्हणून मिरविलेलें आहे. मात्र कथेचें शेपूट फारसें कोणी सांगत नाहीं. त्यांत असें आहे कीं, पुढें जयबानें त्या वारली नायकास गंभीरगड आणि त्याच्या भोंवतालचा प्रदेश दिला. आम्हांस कथेचा हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यानें कोणी ही कथा प्रथम रचली, त्याच्या मनास नुसत्या चातुर्यानें स्वस्थता लाभली नाहीं. ज्याचें गेलें त्यास कांहीं तरी मिळालें पाहिजे, असें त्यास आंतून वाटलें. विजेत्याच्या कथेंत शिरलेली ही न्यायाची टोंचणी आहे.

जयबाच्या पुत्रास दिल्लीच्या दरबारांतून ‘निमशाह’ हा किताब मिळाला, आणि तो मिळाला त्या दिवसापासून, म्हणजे ५ जून १३४३ पासून, जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला. राजाच्या हातीं काळ मोजण्याचें सामर्थ्य असतें तें असें. शक त्याचा, वाडा त्याचा, दगड त्याचा. म्हणून पांचशें वर्षांनीं पाहण्यासारखें जें उरतें तेंही त्याचेंच. वारल्याची झोंपडी कारवीच्या कुडाची. तिच्यावर शेणमातीचा लेप, आणि लग्नाच्या वेळीं तांदळाच्या पिठानें काढलेला चौक. त्या चित्रांची ख्याति आज परदेशांत पोंचली आहे, पण ती भिंत स्वतः फार वर्षें टिकणारी नव्हे. कूड कुजतो, मातींत मिळतो, त्याचा भग्नावशेष होत नाहीं. आणि ज्याचा अवशेष नाहीं, त्याच्यापुढें हिंडणारा रसिक थांबत नाहीं. वस्तुतः या प्रदेशाचा फार मोठा इतिहास दगडाबाहेर घडलेला आहे. शरद ऋतूच्याच दिवसांत, १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, याच ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला आणि जेठ्या गांगड व त्यांचे कांहीं सोबती मरण पावले. सावकार-जमीनदारांची वेठ आणि गवतकापणीची तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध तो लढा होता. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो लिहून ठेवला, म्हणून सुशिक्षित घरांत तो कळला. आम्ही ज्यास डोंगरउतारावरील सोनेरी गवत म्हणतों, त्या गवतास असाही एक इतिहास आहे.

हा पेंच आमच्यापुढेंच प्रथम उभा राहिला आहे असें नाहीं. इंग्रज कलामीमांसक रस्किन यानें ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाच्या १८५६ सालीं निघालेल्या चौथ्या भागांत हा प्रश्न मोठ्या प्रामाणिकपणें मांडला आहे. फ्रान्समधील आमियां शहरांत सोम नदीच्या कांठानें तो हिंडत होता. मोडकीं घरें, हिरवट पाणी, कळकट होड्या, सर्वच दृश्य चित्रकारानें हेवा करावा असें. आणि तेथें राहणारीं माणसें फिकट, आजारी, कष्टानें वांकलेलीं. आपल्या या रम्य फेरीची किंमत किती दुःखी जीव भरीत आहेत, असा विचार त्याच्या मनांत आला. त्याच ठिकाणीं तो दोन चित्रकारांच्या दोन पवनचक्क्यांची तुलना करतो. स्टॅनफील्डला जीर्ण चक्कीची मोडतोड आवडते, आणि ती तो हौसेनें रंगवितो. टर्नरची चक्की जीर्ण आहे, पण तिच्या जीर्णतेचें चित्रकारास वाईट वाटलेलें दिसतें. विषय एकच, फरक पाहणाऱ्याच्या अंतःकरणांत आहे. आम्हांस रस्किनचा हा निर्णय मान्य आहे, परंतु तो आमच्या मतें अर्ध्या वाटेवर थांबतो. अंतःकरणांत कालवाकालव झाली म्हणजे ऋण फिटलें असें होत नाहीं. पुष्कळदां त्या कालवाकालवीचीच आपणांस गोडी लागते, आणि करुणा हा सौंदर्याचा आणखी एक मसाला होऊन बसतो.

येथें दोन बाजूंनीं आक्षेप येतील. पहिला पक्ष म्हणेल, सौंदर्याचा नीतीशीं संबंध काय? धुकें धुक्याच्या जागीं सुंदर आहे. त्यास नागलीचा हिशेब कशाला विचारतां? याचें उत्तर असें कीं, धुक्यास आम्ही कांहींच विचारीत नाहीं. विचारतों तें पाहणाऱ्यास. धुकें निरपराध असेल; परंतु जो मनुष्य जाणून घेण्याच्या स्थितींत असूनही आपलें चित्र बिघडेल म्हणून जाणून घेत नाहीं, त्याचें अज्ञान धुक्यासारखें निसर्गदत्त नव्हे. तें त्यानें सोयीसाठीं पांघरलेलें असतें. दुसरा पक्ष याच्या उलट म्हणेल कीं, जेथें बालकें उपाशी राहिलीं तेथें सहलीस जाणेंच पाप, घरीं बसावें. हा पक्ष कडक दिसतो, पण तो फार स्वस्तांत सुटतो. घरीं बसल्यानें कोणाच्या कणसास मोड येण्याचें थांबत नाहीं. शिवाय त्या मुलखांतील लोकांसही आपल्या डोंगराचा, आपल्या राजवाड्याचा, आपल्या तारप्याचा अभिमान आहे. त्यांच्या घरास केवळ दुःखाचें कोठार समजून टाळणें हा त्यांचा निराळ्या रीतीनें केलेला अपमानच आहे. ज्या गांवास पाहुणा येतो त्यास आपलें सुंदर तें दाखवावेंसें वाटतें. पाहुण्यानें तें आनंदानें पाहावें, यांत अन्याय नाहीं.

कोणी असेंही विचारील कीं, १६७२ सारख्या जुन्या गोष्टी उकरून काढल्यानें द्वेषच वाढणार नाहीं काय? आमच्या मतें द्वेष वाढतो तो अर्धवट स्मरणानें. ज्यास फक्त आपला सन्मान आठवतो तो गर्विष्ठ होतो, आणि ज्यास फक्त आपली हानि आठवते तो सूड मागतो. दोन्ही गोष्टी एकाच श्वासांत सांगतां येणें ही समाजाच्या प्रौढपणाची खूण आहे. शिरपामाळावर शिरपेचाची कथा सांगतांना पुढच्या आठ वर्षांची हकीकतही शांतपणें सांगितली, तर त्या माळाचें पावित्र्य कमी होणार नाहीं. ऐकणाऱ्या मुलास मात्र राजकारण म्हणजे काय असतें, मैत्री किती टिकते, आणि मोठ्या कार्याची किंमत लहान राज्यांनीं कशी भरली, याची कांहीं कल्पना येईल.

तर मग पाहणाऱ्याचें ऋण तें कोणतें, आणि तें फेडावें कसें? आमच्या मतें त्याचे तीन हप्ते आहेत. पहिला हप्ता दुसरा प्रश्न विचारण्याचा. ‘हें कोणी बांधलें?’ हा पहिला प्रश्न सर्वच विचारतात. ‘येथें आधीं कोण होतें, आणि आतां तें कोठें आहे?’ हा दुसरा. दुसरा हप्ता सांगण्याचा. आपण परत आल्यावर आपल्या मुलाबाळांस आणि स्नेह्यांस जें गांव वर्णन करून सांगतों, त्यांत राजवाड्याबरोबर कारवीचा कूडही यावा, आणि धुक्याबरोबर आडवी पडलेली नागलीही यावी. तिसरा हप्ता अधिक व्यवहारी आहे, आणि तोच टाळण्याकडे आपली प्रवृत्ति असते. ज्या मुलखाचें आपण घेतों, त्याच्या वाट्यास काय जातें हें पाहणें आपणांवर येतें. मोखाडा तालुक्याच्या हद्दीवर वैतरणा नदीवर जें मध्य वैतरणा धरण बांधलें गेलें, त्यापासून मुंबईस दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळावें अशी योजना आहे. आणि त्याच मोखाड्यांत वैशाखांत बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरींकडे चालतात. म्हणजे जो पाऊस आम्हीं पडवींत उभे राहून काव्य म्हणून पाहिला, तो नगरवासीयांच्या नळांत वर्षभर येत असतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांचा संबंध एका दिवसाच्या सहलीपुरता आहे, ही समजूत येथें टिकत नाहीं. आपण त्या डोंगराचे पाहुणे नसून देणेकरी आहों. देणेकऱ्यानें सावकाराच्या घराचें सौंदर्य वाखाणण्यास हरकत नाहीं. पण देणें कबूल करून वाखाणावें. तेथील मालास घासाघीस न करतां रास्त दाम देणें, तेथील पाण्याच्या व शाळा-दवाखान्यांच्या मागणीस आपल्या मताचा व लेखणीचा पाठिंबा देणें, इतकें तर प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या आटोक्यांतील आहे.

अशा रीतीनें पाहिल्यानें सहलीचा आनंद कमी होईल, अशी भीति कित्येकांस वाटेल. आमचा अनुभव तसा नाहीं. ज्या माणसाचें सुखदुःख आपणांस ठाऊक असतें त्याचा चेहरा आपणांस अनोळखी चेहऱ्याहून कमी सुंदर दिसत नाहीं. तो अधिक आपला वाटतो, एवढाच फरक. गांवाचेंही तसेंच आहे. शिरपेच, कातड्याच्या वाद्या, सतरा लाखांचा खजिना, कारवीचा कूड आणि शेतांत भिजणारें कणीस हीं सर्व ज्यास एका दृष्टींत सांभाळतां येतात, त्यानें जव्हार पाहिलें असें म्हणावें. उरलेल्यांनीं तेथील धुकें पाहिलें. आणि धुकें काय, कोठेंही पडतें.